नडगीवरचा तुकडा आणि पुढचे चौदा दिवस

प्रश्न : आमच्या सासूबाईंचं वय ६३, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. मागच्या वर्षी भांगलणीला गेल्या असताना त्यांच्या उजव्या नडगीत काटा मोडला. काटा निघाला, पण तिथं चामखिळीसारखं खरबरीत उठलं आणि आठ महिन्यांत पसरत रुपयाएवढं झालं. दुखत नाही, खाजतं. मेडिकलमधून आणलेल्या तीन ट्यूबा संपल्या. बेळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवू म्हटलंय. आत्तींना दहा वर्षं साखर आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ‘हत्यार लागलं की ते पसरतंय, आणि साखरवाल्याची जखम भरत नाही,’ असं म्हणून त्या तयार होत नाहीत. भावकीतले म्हणतात, तुकडा काढायचा म्हणजे कॅन्सरच असणार. किती खोल कापतात? गोळी बंद करायची का? घरी जखम कशी बघायची? रोप लावणी तोंडावर आलीय, त्या काही घरात बसणार नाहीत.
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, आत्तींच्या दोन भीतींपैकी पहिली खोटी आणि दुसरी निम्मी खरी. तुकडा काढल्यानं त्वचेचा रोग पसरत नाही. हा समज पडण्याचं कारण वेगळं आहे. लोक तपासणीला इतक्या उशिरा येतात की रोग आधीच वाढता असतो. तुकडा काढल्यावर घरचे त्या जागेकडे रोज बघू लागतात आणि वाढ दिसली की दोष हत्याराला देतात. दुसऱ्या भीतीचं तसं नाही. साखर असलेल्या माणसाची गुडघ्याखालची जखम खरोखरच सावकाश भरते. पण ती भरणार की चिघळणार, हे डॉक्टरांच्या टेबलावरच्या पंधरा मिनिटांपेक्षा घरातल्या पुढच्या चौदा दिवसांवर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे या उत्तरातलं बरंचसं तुमच्यासाठी आहे.

तुकडा कशासाठी, ते आधी सांगतो. काटा मोडलेल्या जागी महिनोन्‌महिने वाढणारं, खरबरीत, न दुखणारं असं काही असलं की चार-पाच रोग नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. मातीतली बुरशी काट्याबरोबर आत जाऊन होणारा क्रोमोमायकोसिस, त्वचेचा क्षय, जाड पडलेला लायकेन प्लॅनस हा खाजरा त्वचारोग, जुनाट खाजेनं घट्ट झालेली कातडी, आणि हो, कॅन्सरही त्या यादीत असतो. यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं. क्षयाला सहा महिन्यांच्या गोळ्या, बुरशीला कित्येक महिने बुरशीनाशक, लायकेनला स्टेरॉइड. आणि बुरशीवर स्टेरॉइड लावलं तर ती माजते. म्हणून डॉक्टर अंदाजानं चौथी ट्यूब न देता तुकडा मागत आहेत. पत्रावरून आम्ही निदान करणार नाही, पण ‘तुकडा म्हणजे कॅन्सरच’ हा भावकीचा हिशेब चुकीचा आहे एवढं नक्की सांगतो.

संपलेल्या ट्यूबा टाकून दिल्या नसतील तर तिन्ही पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांचं मिश्रण असतं. खरं तर लावायची बहुतेक स्टेरॉइडं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. अशी ट्यूब नुकतीच लावलेली असली तर सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचं चित्र पुसट होतं. डॉक्टर तुकडा दोन-तीन आठवडे पुढे ढकलतील कदाचित. ढकलू द्या. तोवर त्या जागी काही लावू नका, आणि बाजूला नाणं ठेवून एक स्वच्छ फोटो काढून ठेवा.

आता गोळ्या. स्टेंट असलेल्या माणसानं रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही. तुकड्याच्या जखमेतून रक्त आलं तर बोटानं दाबून थांबवता येतं, बंद पडलेला स्टेंट घरात कुणालाही उघडता येत नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना हे काम रोज होतं. वॉर्फरिनसारखी गोळी असेल तर मात्र आधी आयएनआर ही रक्ततपासणी करून घेतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, ‘रक्त पातळ करायची पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. पेसमेकर बसवलेला असेल, किंवा दात काढताना भुलीच्या इंजेक्शननं कधी त्रास झाला असेल, तर तेही सांगा. आणि आत्तींना उपाशी नेऊ नका. ही पूर्ण भूल नाही. न्याहारी करून, साखरेची गोळी घेऊनच जायचं. उपाशीपोटी गोळी घेऊन खानापूरहून बसनं बेळगाव गाठायचं आणि दवाखान्याच्या बाकड्यावर साखर उतरून घेरी यायची, हे टाळता येण्यासारखं आहे.

टेबलावर काय होतं ते आत्तींना जसंच्या तसं सांगा, कारण न सांगितलेलंच जास्त भिववतं. जागा पेनानं आखतात, जंतुनाशकानं पुसतात. मग जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन. सगळ्या कामात खरं दुखणारी गोष्ट ती एवढीच. औषध आम्लधर्मी असल्यानं दहा-पंधरा सेकंद चुरचुरतं, हळू टोचलं तर कमी. एक मिलिलिटरच्या आसपास पुरतं. २ टक्क्यांच्या औषधात तेवढ्यात २० मिलिग्रॅम लिग्नोकेन येतं, मोठ्या माणसाला चालणाऱ्या मात्रेच्या मानानं ते किरकोळच. रक्त कमी यावं म्हणून त्यात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे हृदयाचा आजार आहे हे इंजेक्शनच्या आधी पुन्हा एकदा आठवण करून द्या. पाच-दहा मिनिटांत जागा बधिर होते. नंतर दाब कळतो, ओढल्यासारखं वाटतं, दुखत नाही. दुखलं तर बोलायचं, आणखी औषध देतात. आपल्याकडच्या बायका दात-ओठ खाऊन सोसतात, इथं त्याची गरज नाही.

मग पंच. पेनासारखी दांडी, टोकाला गोल धारदार नळी. ती नळी कातडीवर टेकवून दाबत फिरवतात आणि कातडीखालच्या चरबीपर्यंत नेतात. बहुतेक वेळा नळी ४ मिलिमीटरची, म्हणजे निघणारा तुकडा हिरव्या मुगाएवढा. तो चिमट्यानं दाबून धरत नाहीत, कारण चिरडलेल्या पेशी ओळखता येत नाहीत. सुईच्या टोकानं अलगद उचलून बुडाशी कापतात. आत्तींची जागा जाड आणि खरबरीत आहे, आणि रोग खाली असून वरचा थरच निघाला तर अहवाल वाया जातो. म्हणून डॉक्टर पंचऐवजी होडीच्या आकाराचा सेंटिमीटरभर लांब काप घ्यायचं ठरवू शकतात. पंचला एक-दोन टाके लागतात, कापाला तीन-चार.

संमतीपत्रक बहुधा कानडीत किंवा इंग्रजीत असेल. सही करण्याआधी ते मराठीत वाचून दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला? बेळगावात मराठी येणारी एकही सिस्टर नाही असा दवाखाना विरळाच.

पुढची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तुकडे वाया जातात ते इथंच. साधा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो आणि त्यात तो टिकतो. पण काट्यानंतरच्या अशा दुखण्यात बुरशी किंवा क्षयाचे जंतू वाढवून बघायचे असतात, म्हणजे कल्चर. फॉर्मालिन जंतूंना मारून टाकतं, मेलेले जंतू वाढणार कसे? म्हणून कल्चरसाठी दुसरा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘कल्चरलाही पाठवणार आहात का?’ नंतर आठवलं तर पुन्हा कापावं लागतं.

छोट्या दवाखान्यात बाटली नातेवाइकांच्याच हातात देतात आणि लॅबला पोचवायला सांगतात, कधी बेळगावात, कधी कोल्हापूर-मिरजेला. तसं झालं तर नाव, वय, जागा आणि डावा-उजवा पाय हे बाटलीच्या अंगावर लिहिलंय ना ते बघा. झाकणावरचं नाव चालत नाही, झाकणं बदलतात. नुसतं ‘पाटील’ लिहिलेली बाटली या भागात कुणाचीही असू शकते. फॉर्मालिनची बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, कमी वाटलं म्हणून तीत पाणी घालू नका, उघडून वास घेऊ नका. ती घरात उभी ठेवून दुसऱ्या दिवशी पोचवली तरी चालते. सलाइनची बाटली मात्र त्याच दिवशी गेली पाहिजे. म्हणून सकाळची वेळ घ्या.

आता घरी आल्यावर.

पहिल्या दिवशी रक्त येतं ते बहुधा संध्याकाळी. अ‍ॅड्रेनॅलिननं आवळलेल्या रक्तवाहिन्या काही तासांनी सैल होतात, शिवाय पाय खाली सोडून प्रवास झालेला असतो. पट्टीवर रुपयाएवढा डाग पडला तर घाबरू नका. पट्टी भिजू लागली तर आत्तींना आडवं करा, टाच दोन उशांवर ठेवा, स्वच्छ सुती कापडाची घडी पट्टीवरून घट्ट दाबून धरा आणि घड्याळ लावून २० मिनिटं हात हलवू नका. मधेच उचलून बघितलं की नुकती धरलेली गाठ निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लोक चुकतात ते इथंच. २० मिनिटं, पुन्हा २० मिनिटं दाबूनही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. हळद, तंबाखूचा चुरा, कॉफीची पूड, राख, चुना यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. त्यानं रक्त थांबल्यासारखं दिसतं, पण धूळ आणि जंतू टाक्याच्या आत जातात आणि पुढच्या आठवड्यात पू होऊन बाहेर येतात.

दुखलं तर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आत्तींना नको. रक्तस्राव वाढतो, आणि साखर व हृदयविकार असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडालाही ती सोसत नाहीत.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पहिले २४ ते ४८ तास पट्टी तशीच, कोरडी. त्यानंतर रोज एकदा ड्रेसिंग. आणि इथं एक घोळ आपल्या भाषेनंच घातलाय. आपण जखम बरी झाली हे सांगताना ‘सुकली’ म्हणतो, आणि मग ती सुकावी म्हणून सगळे झटतात. उघडी ठेवतात, पावडर मारतात, उन्हात बसवतात. जखम कोरडी पडली की वर टणक खपली धरते, आणि कडेनं सरकत येणाऱ्या नव्या पेशींना त्या खपलीखालून, खोलातून वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर हे दाखवलं. पातळ प्लास्टिकखाली झाकलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगानं आली. ओलसर म्हणजे पाण्यात भिजलेली नव्हे, नुसती तुळतुळीत.

साबणानं हात धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, उकळून गार केलेलं पाणी ओतून सैल होऊ द्या. साध्या साबणाचा फेस बोटानं हलकेच जखमेवरून फिरवा, पाणी ओता, स्वच्छ कापडानं टिपा, घासू नका. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. ती जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. मग साध्या पांढऱ्या व्हॅसलीनचा पातळ थर. नवी ट्यूब आणा, घरात सगळ्यांची बोटं बुडालेली डबी नको. टाके काढेपर्यंत जखम व्हॅसलीनशिवाय कोरडी राहू द्यायची नाही. वर पॅराफिन गॉज किंवा न चिकटणारं पॅड. कापूस थेट लावू नका, त्याचे धागे टाक्यात अडकतात.

अँटिबायोटिक मलम का नाही, असं तुम्ही विचाराल. १९९६ साली अमेरिकेत नऊशेहून जास्त रुग्णांच्या अशाच छोट्या शस्त्रक्रियांच्या जखमांवर व्हॅसलीन आणि बॅसिट्रासिन मलम यांची तुलना झाली. जंतुसंसर्ग व्हॅसलीनवाल्यांत २ टक्के, मलमवाल्यांत ०.९ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्रात टिकण्याइतका नव्हता. ॲलर्जी मात्र मलमवाल्यांतच दिसली. आपल्याकडच्या मलमांत आणि पावडरींत निओमायसिन असतं, त्याची ॲलर्जी तर बरीच आढळते. जखमेभोवती लाल, खाजरं, पाणी सुटणारं वर्तुळ उठतं, घरचे त्यालाच ‘पिकलं’ समजून आणखी मलम थापतात आणि ते आणखी वाढतं. डॉक्टरांनी स्वतः मलम लिहून दिलं असेल तर ते लावा, पण स्वतःहून नको.

पट्टी धरायला पेपर टेप ठीक आहे, पण म्हाताऱ्या पायाची कातडी कागदासारखी असते आणि टेपबरोबर सोलून येते. त्यापेक्षा गॉजची गुंडाळपट्टी बरी, आत दोन बोटं सहज शिरतील इतकी सैल. पायाची बोटं गार किंवा निळसर पडली तर लगेच सोडा.

नडगीची अडचण वेगळीच आहे. तिथं कातडीखाली मांस नाही, लगेच हाड. कातडी ताणलेली, रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि दिवसभर उभं राहिलं की पायात पाणी उतरून टाके आतून ताणतात. म्हणून चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात आणि नडगीचे १४ दिवसांनी. टाके काढले तेव्हा जखम फक्त मिटलेली असते, घट्ट झालेली नसते. दोन आठवड्यांच्या जखमेची ताकद मूळ कातडीच्या १० टक्क्यांच्या आसपास असते, आणि ८० टक्क्यांपर्यंत यायला तिला तीन-चार महिने लागतात. तुमच्या रोप लावणीचं उत्तर यातच आलं. पहिले दोन दिवस पाय वर. घोटा मात्र हलवत राहायचं, म्हणजे रक्त साकळत नाही. पुढे घरात फिरणं, स्वयंपाक चालेल, पण बसताना पाय पाटावर किंवा उशीवर. चिखलात, गोठ्यात, ओढ्यात किंवा मलप्रभेच्या घाटावर पाय घालणं तीन आठवडे बंद. आत्ती ऐकणार नाहीत असं तुम्ही लिहिता. मग निदान बांधावर खुर्ची टाकून मजुरांवर लक्ष ठेवायचं काम त्यांना द्या, पाय समोरच्या बादलीवर. आणि निवड हातात असेल तर तुकडा लावणी उरकल्यावर काढा. आठ महिने झालेल्या दुखण्याला तीन आठवड्यांनी फार फरक पडत नाही. जागा झपाट्यानं वाढत असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर मात्र थांबू नका.

आंघोळ तांब्यानं. पाय बादलीत बुडवून ठेवायचा नाही, आणि बंबातलं कढत पाणी जखमेवर नको.

पथ्याच्या नावाखाली भात, वांगं, हरभरा, खोबरं बंद करतात, ‘पू धरतो’ म्हणून. यातल्या कशानंही पू धरत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, दूध, चालत असेल तर अंडं वाढवा. आवरायची ती साखर. रक्तातली साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. या दोन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर एक-दोनदा तपासून घ्या, आणि भेटायला येणाऱ्यांच्या हातचा कुंदा आत्तींपर्यंत पोचणार नाही असं बघा.

काय चालेल आणि काय चालणार नाही, हा फरक ओळखा. टाक्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर गुलाबी रेघ, थोडी खाज, थोडी सूज चालते. टाके न घालता उघडी ठेवलेली जखम असेल तर तळाला पिवळसर पातळ थर दिसतो. तो पू नव्हे, भरून येणाऱ्या जखमेचा चिकट प्रथिनांचा पापुद्रा असतो. तो खरवडू नका. अशी उघडी जखम नडगीवर भरायला चार-सहा आठवडेही घेते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, लाली रोज पसरू लागली, जागा गरम लागली, घट्ट पू किंवा घाण वास आला, मांडीकडे लाल रेघ चढली, ताप आला, तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा, पसरली की नाही ते डॉक्टरांना लगेच कळेल. एक गोष्ट विसरू नका. साखरेमुळे आत्तींच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. ‘दुखत नाही’ या त्यांच्या शब्दावर विसंबू नका, रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

साधा अहवाल बहुधा आठवडाभरात येतो. खास रंग लावून बघायचं असेल तर थोडा जास्त वेळ लागतो. क्रोमोमायकोसिस असेल तर तांब्याच्या पैशासारखे तपकिरी गोल दिसतात, त्यावरून निदान पक्कं होतं. कल्चरला मात्र धीर हवा. बुरशीला चार आठवडे आणि क्षयाच्या जंतूला सहा-आठ आठवडेही लागतात, त्यामुळे पहिला कागद हातात आला म्हणजे काम संपलं असं धरू नका. अहवालात नेमकं काही निघालं नाही तर डॉक्टर दुसरा तुकडा मागतील. तो त्यांनी चुकून मागितला असं समजू नका, रोग कधी कधी त्या मुगाएवढ्या जागेत सापडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर पुन्हा कापायची गरज नाही. लॅबकडून तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा मागून घ्या, त्याच दुसरीकडे तपासता येतात.

टाके काढायची तारीख तुकडा काढतात त्याच दिवशी कागदावर लिहून घ्या आणि ती रविवारी किंवा सणाला येत नाही ना ते तिथंच बघा. टाके काढायला बेळगावचा हेलपाटा नको असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे काम होतं, मात्र टाके किती घातले ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून न्या. एक जरी आत राहिला तरी महिन्यानं तिथं पुन्हा गाठ उठते, आणि मग आत्ती म्हणणार, बघ, पसरलंच की.